पवनेवरचा बिनतारी दिवा

पवनेच्या पाण्यावर मी एकदा जादू केली, हे मी अजूनही ऐटीत सांगतो. ऐकणारे हसतात, त्यांचा चहा गार होतो. गोष्टीचा पुढचा भाग मात्र मी गिळून टाकतो. आज तोही लिहितो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात मी वायरमन होतो. वय पंचवीस, ज्ञान अर्धं, तोंड दुप्पट. नदीपलीकडे काळेवाडी, तिथली माणसं नावेने ये-जा करत. नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांचा कायदा एकच. तिन्हीसांजेला नावेवर दिवा दिसला तर नाव येणार. नाही दिसला तर पाणी चढलंय, पुलाचा दोन तासांचा फेरा घ्यायचा. पलीकडची माणसं तो दिवा बघून घर सोडायची.

आणि मला खेळायला नेमका तोच दिवा सापडला.

लष्कराच्या भंगारातून मी बिनतारी यंत्राचे भाग जमवले होते. काठावर ठिणगी उडवली की तिच्या लहरी नावेतल्या काचेच्या नळीपर्यंत पोचायच्या. नळीतला धातूचा कीस टिचकी मारेपर्यंत चिकटून राहायचा, बॅटरीची वीज वाहायची आणि नावेवर मोटारीचा दिवा लागायचा. कारखान्याच्या गणपतीत मला हा प्रयोग करायचा होता. त्याची गरज कुणालाच नव्हती.

"अन् चुकून लागला तर?" मामांनी विचारलं.

"यंत्र चुकत नाही मामा. माणूस चुकतो."

"मंग त्ये यंत्र केलंय कुनी? रेड्यानं?"

पण मी पिच्छा सोडला नाही. शेवटी मामा दुपारीच पलीकडे जाऊन घरोघर सांगून आले, की आजचा दिवा धरू नका, उद्यापासनं धरा.

प्रयोग झकास झाला. मी कुणाचा तरी काळा कोट चढवला, मंत्र पुटपुटला, बोटं नाचवली. रिकाम्या नावेत दिवा लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेब म्हणाले, उद्या पुन्हा करा. म्हणून मी नावेतली बॅटरी सोडवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारीच पाणी चढलं. नाव बंद, खेळही रद्द. मी कोट परत करायला गेलो. येताना तिन्हीसांज झाली होती, डोंगराकडे विजा चमकत होत्या. नदीच्या घाटावर मामा पावसात उभे होते, आणि नावेवर दिवा जळत होता.

आभाळातली वीज म्हणजे माझ्या ठिणगीची थोरली बहीण. त्या नळीला दोघींतला फरक कुठून कळणार?

"कधीपासून, मामा?"

"मी झोपडीत हुतो. आत्ता बघितला."

पलीकडे कुणीतरी पेटती चूड हलवत होतं.

"मी विझवतो," मी म्हणालो.

मामांनी माझा दंड धरला. "आता विझवलास तर नाव बुडाली म्हनतील. कोनतरी पान्यात उतरंल. बस नावंत."

"पण दिवा तुम्ही लावला नव्हता."

"त्यास्नी काय म्हाईत?"

आम्ही निघालो. धारेने आम्हाला पार खाली ओढून नेलं. मी वल्हं मारत होतो की नुसतं धरून बसलो होतो, आठवत नाही. काठाला लागलो, मग दोरीने नाव ओढत चूड हलत होती तिथवर आणली.

तिथे बैलगाडी उभी होती. गवतावर एक बाई कळा देत होती, कालपासून. तिला पिंपरीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. नवरा पुलाच्या वाटेला लागला होता. दिवा दिसला म्हणून अर्ध्या वाटेतून मागे फिरला. तो तिला उचलून नावेत ठेवू लागला, तर मामा आडवे झाले.

"ह्या पान्यात पोटुशी बाई घेनार न्हाई मी."

"मंग आलासा कशापाई?"

"त्येच सांगाया." मामा माझ्याकडे वळले. "आता तू सांग."

काल शे-दीडशे माणसांपुढे मंत्र म्हणणारा मी. "दिवा चुकून लागला," एवढंच निघालं तोंडातून.

नवऱ्याने तिला परत गाडीत ठेवलं. त्याने बैल वळवले. गाडीपुढे कंदील धरून मी पुलावरून थेट पिंपरीच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो. मागे बाई कण्हायची आणि मी पाय उचलायचो.

डॉक्टरांनी विचारलं, "इतका उशीर का केलात?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "नावंची वाट बघितली," तो म्हणाला.

बाई वाचली. मूल वाचलं नाही. तासभर आधी आणली असती तर? डॉक्टर बाहेर येऊन बराच वेळ हात पुसत उभे होते. मी दोन पावलांवर होतो. मला ते विचारता आलं नाही.