दाजींचा पहिला भाग

टीव्हीच्या मालिकेतही भावकीचा मानपान सांभाळायला निघालेला माणूस साऱ्या जगात एकच असेल. ते म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आमचे दाजी. त्यांचा सारा जन्म सांगलीत, हळदीच्या अडतीवर माल जोखणारा तोलार म्हणून गेला. वस्तू हातात आली की तळहातावर जोखल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत. माझ्या लेकीच्या बारशाला त्यांनी बाळही असंच जोखलं आणि "तीन किलोला जरा कमी" असं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. सासूबाईंनी लगेच मीठमोहऱ्या उतरवल्या. काम सुटल्यावर हा माणूस घरात गप्प बसेल असं आम्हाला वाटलं होतं. पण सांगलीत दर रविवारी मालिका लिहायला शिकवणारा वर्ग निघाला, पुण्याहून एक मॅडम यायला लागल्या, आणि दाजी जाऊन पहिल्या बाकावर बसले.

मालिकेच्या पहिल्या भागाला पायलट म्हणतात, हे मला दाजींनीच सांगितलं. तो पसंत पडला तर पुढची मालिका, नाहीतर सगळं वहीतच राहायचं. महिन्यातून एकदा ती वही काखेत मारून ते एसटीने आमच्याकडे कोयनानगरला यायचे. मला म्हणायचे, "वैनी, तुमी चौथी शिकलेल्या. तुमाला कळलं म्हंजे समद्यास्नी कळलं." यावर मी रागवायचं की खूश व्हायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही. मला कळायचं तर काहीच नाही. प्रत्येक प्रसंगाच्या वर म्हणे जागा आणि वेळ लिहायची असते. ती सवय दाजींच्या जिभेला लागली. दारात चपला काढतानाच मोठ्यांदा म्हणायचे, "बाहेरचं. ओटा. दुपार." आत आले की, "आतलं. सैपाकघर. वैनी चहा ठेवत्यात." मग मला चहा ठेवावाच लागायचा. एकदा वाचन चालू असताना जमीन हलली आणि मांडणीवरची भांडी खणखणली. आमच्याकडे त्याचं फारसं कौतुक नाही, तरी मी अंगणात पळाले. दाजी जागचे हलले नाहीत. "असला दणका पायजे बगा पयल्या पानावर!" म्हणून लिहीतच राहिले.

त्यांच्या गोष्टीत एवढंच होतं, की बारावी झालेल्या मुलीला बघायला पाहुणे येतात आणि मुलीला लग्न नको असतं. पण पाहुणे आले म्हणजे पाय धुवायला पाणी आलं, पाण्यामागून चहा आला. थोरल्या चुलत्याला विचारल्याशिवाय बोलणी सुरू होत नाहीत, आणि एका चुलत्याला वाक्य दिलं की दुसरा रुसतो. त्यातून दाजींनी माणसं खरीच घेतलेली आणि भावकीला वाचूनही दाखवलेली. त्यांचा चुलतभाऊ म्हणाला, "मला गाळलंस तर तुज्या दारात पाऊल ठिवणार न्हाई, सांगून ठिवतो." अशी एकेचाळीस माणसं झाली. त्यांचा चहा होईपर्यंत भाग संपून जायचा. मॅडम म्हणाल्या, चारच माणसं ठेवा, तरच शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचायला मिळेल. दाजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. वही तळहातावर जोखत म्हणायचे, "लय जड झालीया, वैनी. पर उतरवू कुणाला?"

मी पुरुषांच्या बोलण्यात पडत नाही. पण त्या दिवशी दाजी आमच्या ह्यांच्यापुढे वही उघडून बसले होते, आणि दाराआडून माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं दाजी, पर ती पोरगी कवा बोलती?"

दाजींनी पानं उलटली. चष्मा पुसून पुन्हा उलटली. एकेचाळीस माणसांत त्या पोरीला एकही वाक्य नव्हतं.

त्यांनी तिथेच पेन्सिल घेतली आणि भावकी खोडत गेले. चुलतभावापाशी थोडा वेळ थांबले, मग तोही गेला. बाप, दारात उभी आई, एक पाहुणा आणि ती पोरगी, एवढीच उरली. पोरीच्या नावापुढे त्यांनी एक ओळ रिकामी सोडली. "ती काय म्हनंल, वैनी? आता तुमीच सांगा." मला काय माहीत! मी म्हणाले, "चहा ठिवते."

शेवटच्या रविवारचं मला नणंदेने फोनवर सांगितलं. दाजी झकास वाचत होते, पण पोरीच्या ओळीपाशी आले आणि थांबले. मॅडमनी विचारलं, तर म्हणाले, "ते वाक्य कोयनेला हाय. यायचंय अजून." सगळे हसले. मॅडम मात्र म्हणाल्या, ते आलं की वही आणा, मी मुंबईला दाखवते. तेव्हापासून चुलतभावाचं येणं बंद झालं, आणि दाजींचा दर रविवारी मला फोन सुरू झाला. "आलं का?" मी म्हणायची, "चहा उतू चाललाय," आणि फोन ठेवायची.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा चहा ठेवलेला नव्हता. माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढची घाटापलीकडे. मला तिथे पाठवायचं की नाही, हे सगळी मोठी माणसं ओट्यावर बसून ठरवत होती आणि मी दाराआड उभी होते. मला कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. दाजींना म्हणाले, "लिवा. मला पाचवीत बशिवा." आणि मीच लगेच घाबरले. म्हणाले, "न्हाई, ऱ्हाऊ द्या. ती बारावी झालेली. तिला कसं शोभंल?"

पलीकडून कागदावर पेन्सिल घासल्याची खरखर.

"बारावी खोडली, वैनी. पावणाबी खोडला. त्याच्या जागी मास्तर आणून बशिवतो. त्येच पोरीला इचारतील."

तो भाग टीव्हीवर येईल की नाही, देव जाणे. पण भांडी घासताना मध्येच हात थांबतो. त्या वेळी माहेरच्या ओट्यावर कोणी मास्तर आले असते, तर मी दाराआडून बाहेर आले असते का, ते मला अजून ठरवता येत नाही.