बाबांना दिसणाऱ्या गाड्या

बाबांच्या खिडकीखालच्या रस्त्यावरून गेल्या सहा वर्षांत एकही ट्रक गेलेला नाही. तरी बाबांना रोज ट्रक दिसतात. ही काळजी मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना सोबत घेऊन फिरते, आणि आज तर ती मला अंथरुणाला पाठ टेकू देत नाहीये. दीड वाजून गेलाय.

पूर्वी तो बंदराकडे जाणारा मोठा रस्ता होता. मग उड्डाणपूल झाला आणि या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना जाडजूड लोखंडी खांब रोवले. आता स्कूटर जाते, मोटार अंग चोरून जाते. ट्रकने मनात आणलं तरी तो शिरणार नाही.

बाबांनी एकेचाळीस वर्षं ट्रक चालवला. आई गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटेच राहतात. मी चार गल्ल्या पलीकडे. सकाळी उठले की आधी खिडकीची काच वर्तमानपत्राने लख्ख पुसतात, मग चहा. खिडकीच्या उजव्या चौकटीला त्यांनी दाढीचा आरसा टांगलाय. मी विचारलं तर म्हणाले, "मागून कोण येतंय ते कळायला नको?" खुर्चीत बसले की डावा पाय जरा पुढे असतो, क्लचवर ठेवल्यासारखा.

त्यांच्या तरुणपणी बंदरात मालवाहतुकीच्या तीन मोठ्या कंपन्या होत्या. एक हत्तीवाल्यांची. ट्रकच्या दारावर हत्ती असायचा, पण रंगाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली होती की बाकीचे ड्रायव्हर त्यांना डुकरवाले म्हणत. दुसरी हिरवी कंपनी. आणि तिसरी भावांची, म्हणजे बाबांची. दोघे मालक सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलणं बंद. बसायचे मात्र एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. आत जो ड्रायव्हर उभा असेल त्याने निरोप द्यायचे.

"त्यांना सांग, बारा नंबरचे टायर गेलेत."

बाबा जागच्या जागी मान वळवून म्हणत, "मालक, बारा नंबरचे टायर गेलेत."

"त्यांना सांग, मला ऐकू येतं."

बाबा हे सांगताना अजूनही दोन्ही भावांचे आवाज काढतात.

या तिन्ही कंपन्या मालावरून एकमेकींच्या जिवावर उठायच्या, पण एका बाबतीत त्यांची एकी होती. तेव्हा मोबाइल नव्हते. गाडी बंदरातून निघाली की चार-पाच दिवस तिचा पत्ता नसे. म्हणून परत येणारा ड्रायव्हर आवारात शिरला की इंजिन बंद करायच्या आधी, वाटेत समोरून आलेल्या गाड्यांचे नंबर ओरडून सांगायचा. "हत्तीवाल्यांची आठ नंबर पुलाशी दिसली! आपली तीस नंबर घाटाखाली दिसली!" आवारातला कारकून ते फळ्यावर खडूने लिहायचा. प्रत्येक कंपनीच्या फाटकाशी असा एक फळा होता. ड्रायव्हरांच्या बायका, आया, पोरं फळा बघायला यायची. आपल्या माणसाच्या गाडीपुढे 'दिसली' असं आलं की त्या दिवसापुरता जीव भांड्यात पडायचा. मला शाळेआधी आकडे वाचता यायला लागले ते त्या फळ्यामुळे.

बाबांची 'दिसली' सगळ्यांत पक्की मानली जायची. त्यांची नजरच तशी. हत्तीवाल्यांचा कारकूनसुद्धा म्हणायचा, "त्याने सांगितलं ना, मग लिहा, विचारू नका."

एकोणीस नंबरवर हसरे काका होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. समोरचे दोन दात जरा पुढे होते, त्यामुळे रागावले तरी हसल्यासारखे दिसत. मी अकरा वर्षांची असताना एका दुपारी बाबा परत आले आणि नेहमीसारखे ओरडले, "एकोणीस नंबर पुलाशी दिसली! हसऱ्याने हात केला." संध्याकाळी काकू फाटकाशी आल्या. त्यांना वाचता येत नसे.

"बघ गं, आमची आहे का?"

मी मोठ्या ऐटीत वाचलं. "एकोणीस. पुलाशी दिसली."

"चला, आला म्हणजे," असं म्हणून त्या घरी गेल्या. पाणी तापवून ठेवलं असणार, दुसरं काय.

एकोणीस नंबर त्या दिवशी पुलापर्यंत पोचलीच नव्हती. सकाळीच, घाटातल्या दुसऱ्या वळणावर, ती खाली गेली होती. फळ्यावर 'दिसली' होतं म्हणून कोणी शोधायला गेलं नाही. सापडली ती तिसऱ्या दिवशी. खालच्या वस्तीतले लोक म्हणाले, पहिली रात्रभर हॉर्न वाजत होता. थोडा वेळ वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. त्यांना वाटलं, वरच्या रस्त्यावर कोणी वाट मागतोय. पहाटे तो बंद झाला.

बाबांना कोणी एक शब्द बोललं नाही. आई मला एवढंच म्हणाली, "रोजची वाट, रोजची वेळ. तिथे ती गाडी असायलाच हवी, असं डोळ्यांनी धरलं आणि दिसली." ही चूक फक्त पक्क्या ड्रायव्हरकडूनच होते, असंही ती म्हणाली; नवखा ड्रायव्हर प्रत्येक गाडीकडे नीट बघतो. बाबा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी पाहिला त्याला. हात केला त्याने." पण त्यानंतर कंपनी बंद होईपर्यंत ते आवारात शिरत, इंजिन बंद करत आणि गप्प उतरून जात. परत कधी कोणाची 'दिसली' त्यांनी दिली नाही.

आता माझी लेक ट्रक चालवते. कंटेनरचा, सोळा चाकी. आजोबांनीच शिकवलं. ते तिला 'सरकार' म्हणतात, आणि ती त्यांना अरे-तुरे करते. मी तिला बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून दिली होती. ती त्या पुस्तकांवर डबा ठेवते.

गेल्या दोन-तीन महिन्यांत बाबांनी पुन्हा सुरुवात केली. चहाचा कप हातात, नजर खिडकीबाहेर, आणि सहज आवाजात, "हत्तीवाल्यांची चौदा नंबर गेली." हत्तीवाले बंद होऊन तीस वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वाद घालू नका. लेकीला गंमत वाटायची.

"आबा, आज किती गेल्या?"

"तीन. हिरवीच्या दोन, आपली सत्तावीस."

"पासिंग होतं का रे त्यांचं?"

"तुझ्या गाडीपेक्षा बरं होतं, सरकार."

ती त्यांचे नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. मीही हसायचे. मंगळवारपर्यंत.

मंगळवारी बाबांचे जुने सोबती आले होते. आम्ही त्यांना भोंगा काका म्हणतो. खासगीतलं बोललेलंही जिन्यापर्यंत ऐकू जातं. ते कॅलेंडरसमोर बराच वेळ चष्मा वर-खाली करत उभे होते.

"हे कोणी लिहिलं?"

"बाबा सांगतात, ती लिहिते. खेळ आहे त्यांचा."

त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या माणसाला इतक्या हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

"पोरी, तिन्ही कंपन्यांच्या मिळून दोनशेवर गाड्या होत्या. विकल्या, मोडीत काढल्या, काही अजून कुठे चालत असतील. त्यातली एक नाही या यादीत. या सगळ्या परत न आलेल्या आहेत. चौदा नदीत गेली. सत्तावीस जळाली. हिरवीच्या त्या दोन..." त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. "तुझ्या बापाला जुन्या गोष्टी आठवतात, बाकी काही नाही. पण मला आता चहा नको."

चहा न घेता भोंगा काका या घरातून कधी गेले नव्हते.

आज लेक पहाटे घाटापलीकडच्या डेपोतून निघाली. दुपारी तीन-साडेतीनला बंदरात यायची होती. वाटेत तोच घाट, फक्त आता रुंद केलेला. पाचपर्यंत फोन लागला नाही. मी वाचनालयातून थेट बाबांकडे गेले. ते खुशीत होते. कितीतरी वर्षांनी मी त्यांचा तसा चेहरा बघितला.

"सरकार पोचली."

"फोन आला?"

"फोन कशाला? दिसली. साडेतीनला गेली की इथून. पांढरी गाडी, तिचीच. काच खाली होती, हात केला तिने." मग जरा लाजल्यासारखं करून म्हणाले, "तिच्या ऑफिसातही कळवलं मी. म्हटलं, गाडी बंदराच्या रस्त्यावर दिसली, लिहून घ्या. नाव सांगितलं तर समोरच्याने ओळखलं मला. त्याचा बाप हिरवीला होता. म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं."

मी खिडकीतून खाली पाहिलं. दोन खांब, त्यांच्यामधून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती.

वाद घालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी मी विचारलं, "एकटीच होती ना, बाबा?"

"एकटी कशी? हसरा होता ना शेजारी."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, आणि आरसा थोडा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला.

घरी येऊन मी तिच्या ऑफिसला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "मावशी, घाटात सकाळपासून ट्रॅकरला सिग्नल नाही, सगळ्याच गाड्यांचा तो प्रॉब्लेम आहे. पण तुमची गाडी बंदराच्या रांगेत लागलीये. तुमच्या वडिलांनीच तर पाहिली. आज रांग सहा किलोमीटर आहे, उद्या दुपारपर्यंत नंबर लागेल. फोनची बॅटरी गेली असेल, नाहीतर झोपली असेल."

मी "बरं" म्हणाले. का म्हणाले?

कारण ते खरं असू शकतं. रांगेत फोन बंद पडतात, हे तीच मला दहा वेळा सांगते. गेल्या वर्षी ती दोन तास उचलत नव्हती म्हणून मी ऑफिसात फोन केला होता, तर महिनाभर सगळे तिच्या ट्रकला 'आईची गाडी' म्हणत होते. त्या ऑफिसात ती एकटीच बाई ड्रायव्हर आहे. "आई, परत असं केलंस ना," ती म्हणाली होती, "तर मी तुला पोचल्याचंही कळवणार नाही." आणि दुसरं कारण बाबा. एकोणीस नंबरनंतर त्यांच्या त्या एका शब्दावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, आज कोणीतरी ठेवला. तो खोटा आहे हे दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर आलं, तर ते त्या खुर्चीतून उठतील असं मला वाटत नाही.

म्हणून दहा वाजता मी झोपायला गेले. अकराला उठले. तिचा नंबर लावला, तोच बंदचा निरोप. बाराला पुन्हा. मग लिहायला बसले, म्हटलं, कागदावर उतरलं की आपलाच वेडेपणा आपल्याला दिसेल.

उतरवल्यावर दिसतंय ते वेगळंच. बाबांना नेमकं काय दिसतं, ते मला कधीच कळणार नाही. आठवणी असतील, नाहीतर भोंगा काका ज्याला घाबरले ते असेल. पण आत्ता एका ऑफिसात माझ्या लेकीच्या गाडीपुढे 'दिसली' लिहिलेलं आहे, आणि ते लिहिलेलं आहे तोवर घाटात कोणी टॉर्च घेऊन उतरणार नाही. हे सांगू शकेल असं या शहरात माझ्याशिवाय कोणी जागं नाही.

त्या ऑफिसात रात्रपाळीला माणूस असतो. नंबर आहे माझ्याकडे. त्याला सांगायचं की माझ्या वडिलांनी गाडी पाहिलेली नाही, त्यांच्या खिडकीखालून ट्रक जात नाहीत, ती नोंद खोडा आणि घाटात माणसं पाठवा, आत्ता. ती रांगेत झोपलेली सापडली तर खुशाल वर्षभर 'आईची गाडी' म्हणा. बाबांना काय सांगायचं ते सकाळी बघेन.

पेन ठेवते. फोन करते.