शेंदूर लागलेली डिस्क

शेंदराचा वास आला की सौंसरच्या शाळेतली ती खोली आठवते. नव्या सर्व्हरमध्ये दोन एसएसडी डिस्क बसवून मी त्यांची 'रेड' जोडणी केली होती. मुलांच्या दाखल्यांच्या त्याच नोंदी दोन्ही डिस्कवर, एक गेली तर दुसरी सांभाळते. "चालू मशीनमधून एक काढली तरी काई होत नाही, सर," असं मुख्याध्यापकांना ऐटीत सांगून मी चहाला गेलो. परतलो तर सर जामसांवलीच्या देवळातला शेंदूर घेऊन उभे. एक डिस्क टिळा लावून परत बसवलेली, दुसरी हातात! "टिळा लावून राहिलो. एकीलेच लावला तं दुसरीनं काय पाप केलं?" पहिलीवर दुसरीवरच्या नोंदी अजून परत उतरतच होत्या. स्क्रीन काळी पडली; दुसरी परत बसवली तरी नोंदी उघडेनात. सरांवर मात्र मी आजही रागावू शकत नाही. जुन्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी त्याच सकाळी मीच पुसून टाकल्या होत्या.