धोंडोपंतांचा तिरपा उजेड

श्री. धोंडोपंत पेडगावकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्यावर चार पाने लिहून द्या, असे गौरव समितीने मला कळवले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. ज्या गृहस्थांनी गेली दहा वर्षे माझ्या रविवारांची माती केली त्यांच्याविषयी मी आदराने लिहू शकेन, पण शांतपणे लिहू शकेन याची मला खात्री नव्हती. समितीचे म्हणणे पडले की आदर असला म्हणजे पुरे. तेव्हा आदर आहे असे धरून वाचकांनी पुढे जावे.

आमचा परिचय झाला तो हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर वर्ष-सव्वा वर्षाने. मी परभणीच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शिक्षकवर्गाचा एकत्र फोटो काढायचे ठरले. बाहेर उन्हात सगळ्यांचे डोळे बारीक होत होते म्हणून फोटो आतल्या मोठ्या खोलीत घ्यायचा होता. स्टेशन रस्त्यावर धोंडोपंतांचा स्टुडिओ होता. ते आले, त्यांनी आम्हा पंधरा जणांना तीन वेळा उठवले, तीन वेळा बसवले आणि पाऊण तास भिंतीकडे बघत उभे राहिले. मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. अखेर पंतांनी कॅमेरा आमच्याकडे रोखला आणि फ्लॅशचा दिवा, म्हणजे ती चकचकीत वाटी आणि तिच्यातला बल्ब, चक्क उलटा धरला. आमच्याकडे पाठ करून, चुन्याने रंगवलेल्या भिंतीकडे.

"पंत, आम्ही इकडे बसलो आहोत," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुमी तिथंच बसा साहेब. उजेड येतो तुमच्याकडं. त्याला जरा भिंतीला शिवून येऊ द्या."

सगळे हसले, आणि त्याच क्षणी बल्ब उडाला. आठ दिवसांनी फोटो आला. तोपर्यंत आम्ही पाहिलेल्या फ्लॅशच्या फोटोंत माणसे पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत आणि त्यांच्यामागे भिंतीवर काळी भुते उभी राहत. या फोटोत मुख्याध्यापकांच्या चष्म्यावर चमक नव्हती, मागच्या रांगेतल्या शिपायाच्या गालावरची खळी दिसत होती, आणि आम्ही सगळे खरोखरच हसत होतो. मी तो फोटो घेऊन स्टुडिओत गेलो आणि हे कसे केले म्हणून विचारले. आजही वाटते, विचारले नसते तर बरे झाले असते.

पंतांनी मला सुट्टीच्या दिवसांचे काम दिले. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकायची. त्या काळी प्रत्येक स्टुडिओत हे चाले. मी टोकदार पेन्सिली घेऊन बसे आणि पंत मला हात लावू देत नसत. "थांबा मास्तर, डाग उजेडानं जातो का बघू," असे म्हणून ते गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावीत, दिवा वर धरीत, खाली धरीत, पांढऱ्या चादरीवरून उजेड परतवीत. गिऱ्हाईक कंटाळे, मी कंटाळे, पंतांच्या पत्नी काशीबाई आतून चहा पाठवून पाठवून कंटाळत. ज्याला कामावर ठेवले त्याला काम करू न देणारा असा मालक मी दुसरा पाहिलेला नाही. महिन्यातून एखादा चेहरा हट्टाला पेटून माझ्या वाट्याला येई, तेवढाच.

त्यांच्या स्वभावातली दुसरी बाजू मला कळली ती सरूबाईंमुळे. बोरीजवळच्या एका वस्तीवरच्या या मेंढपाळ बाई. मुलगा फौजेत होता आणि त्याने आईचा फोटो मागवला होता. त्या दीर आणि जाऊ यांच्यासह आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि बल्ब उडताच दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली वाकल्या. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्या थरथरू लागल्या. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "गडबडीच्या साली वस्तीवर बंदुका वाजल्या, तवापासून हिचं असंच हाय."

मी म्हणालो, पंत, उद्या सकाळी यांना अंगणात बसवून उन्हात फोटो काढू. साधा, व्यवहारी उपाय होता. पंत मानतील तर ना! त्यांनी फ्लॅशचा दिवा सरूबाईंच्या हातात दिला.

"बाई, आता तुमी माझ्यावर उडवा."

"आन् तुमाला लागलं म्हंजी?"

"लागलं तर मास्तर हायत की मलम लावायला."

सरूबाईंनी तोंड फिरवून चाप दाबला. पंत मुद्दाम दचकले. बाई हसल्या. मग त्यांनी माझ्यावर एक उडवला, भिंतीवर एक उडवला. बल्ब एकदाच पेटतो आणि जळून जातो, आणि ते हैदराबादहून मागवायचे म्हणजे महिनामहिना वाट बघावी लागे. मी दात आवळून बसलो होतो. शेवटी पंतांनी समोर पांढरी चादर बांधली, दिवा बाईंच्याच हातात ठेवून चादरीकडे वळवला आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "लेकाकडं बघा, आन् तुमचं तुमी दाबा." तो फोटो मी पाहिला आहे. स्वतःच्या हाताने स्वतःवर उजेड पाडणारी ती बाई कॅमेऱ्याकडे अशी बघते आहे, की तिच्यासमोर उभे राहायला फौजेतला मुलगाही दोनदा विचार करील.

हा एवढा वेळ वाया गेला असे मी मानत होतो. त्याचे फळ दोन वर्षांनी आले आणि ते माझ्याच डोक्यावर पडले.

ऐन चैत्रात सरूबाई स्टुडिओच्या दारात उभ्या. त्यांच्या वस्तीजवळ जुनी बारव आहे. दगडी पायऱ्यांनी खाली उतरत जावे अशी ती मोठी विहीर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या तिच्यावर पाणी पीत आल्या. शेजारच्या रानाच्या मालकाने पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली होती. त्याचे म्हणणे, राज्य बदलले, बारव आमच्या रानात आहे. मेंढ्यांना पाण्यासाठी तीन कोस चालावे लागत होते. वाटेत कोकरे मरत होती.

"म्हातारी माणसं म्हनायची, आत कोनाड्यात दगुड हाय, त्याच्यावर लिवलंय की पानी समद्यांचं. पर वाचता कुनाला येईना. सायेब म्हनत्यात पुरावा आना." एवढे सांगून त्या पंतांकडे बघत राहिल्या. "तुमी उजेडाचं मानूस हाव."

तालुक्याच्या साहेबांनी पुढच्या बुधवारची तारीख दिली होती. पंतांकडे चौदा बल्ब होते आणि ते त्याच आठवड्यात गंगाखेडच्या एका बड्या घरच्या लग्नासाठी राखून ठेवलेले होते. मी याची आठवण करून दिली. पंत म्हणाले, "लग्नाचा फोटो न्हाई निघाला तरी लग्न होतंय, मास्तर." आणि बल्बांची पेटी माझ्याच काखेत दिली.

आम्ही बैलगाडीने वस्तीवर पोचलो. बायकांनी फांद्या बाजूला ओढल्या. रानाचा मालक बांधावर उभा राहून बघत होता. कोनाडा पाण्याच्या पातळीला होता, म्हणून मला गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागले. दगड तेलाने, शेवाळाने आणि शेकडो हातांनी गुळगुळीत झालेला. मी कागद लावून कोळशाने ठसा घेऊन पाहिला, कागद ओला होऊन फाटला. पंतांनी समोरून पहिला बल्ब उडवला. नुसता पांढरा दगड. मग त्यांनी सरूबाईंच्या दिराचे काळे घोंगडे मागितले आणि बाहेरचा उजेड अडवायला ते कोनाड्याच्या तोंडाशी बांधले. कंदील दगडाच्या अगदी कडेला, गालाला गाल लावावा तसा धरला. आणि दगडावर बारीक सावल्या उमटल्या. अक्षरांच्या सावल्या. समोरून बघताना नसलेल्या चार ओळी कडेच्या उजेडात उठून बसल्या.

इथे एखादा शहाणा माणूस कडेने दोन फोटो काढून घरी गेला असता. पंतांना एकाच फोटोत चारही बाजूंचा उजेड हवा होता. कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवायचे, आणि त्या अंधारात मी पाण्यातून फिरत डावीकडून, उजवीकडून, खालून, वरून एकेक बल्ब उडवायचा. माझी बोटे भाजली. पाय सुन्न झाले. पहिला धरून नऊ बल्ब संपले. दुपारी शेतातल्या खोपीत अंधार करून पंतांनी निगेटिव्ह धुतल्या आणि उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा न्याहाळल्या.

"काय झालं?" मी विचारले.

"डावीकडच्या उजेडानं पाडलेली सावली उजवीकडच्यानं पुसली. माझीच हुशारी आडवी आली मास्तर. लय उजेड झाला की काहीच दिसत न्हाई."

मी त्यांना काय म्हणालो ते गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले, "खरं हाय" म्हणाले आणि उरलेल्या पाचांपैकी चार बल्ब घेऊन आम्ही पुन्हा खाली उतरलो. या वेळी एका निगेटिव्हला एकच बल्ब, एकाच बाजूने. चार बाजूंचे चार फोटो. प्रत्येकात काही अक्षरे दिसत होती, काही बुडालेली होती. ती पंतांच्या घरी बसून मी वेगळ्या कागदावर उतरवून एकमेकांत जुळवली. वाटसरू, गुरे, पाणी, आणि शेवटच्या ओळीत 'मना करू नये'. एवढे स्पष्ट लागले. ते शेवटचे तीन शब्द लागले तेव्हा मी काशीबाईंना बोलावून दाखवले. पंत झोपले होते.

बुधवारी साहेबांपुढे चारही फोटो ठेवले. साहेब बराच वेळ बघत होते. तेवढ्यात रानाचा मालक पुढे झाला. "साहेब, हे मास्तर चित्रकलेचे. फोटोवर पेन्सिल चालवायचंच काम करतेत ह्यांच्या दुकानात. सगळ्या परभणीला माहिती हाय. ह्यांनीच काढली असतील अक्षरं."

साहेबांनी पंतांकडे पाहिले. "हे खरे आहे? हे निगेटिव्हवर पेन्सिल चालवतात?"

इतर कोणीही म्हटले असते, यावर नाही चालवली. पंत म्हणाले, "होय साहेब. तेच काम हाय त्यांचं. हात लय चांगला हाय."

सरूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी नोकरीतला माणूस, माझ्यावर खोट्या पुराव्याचा आळ येत होता, आणि माझे मित्र माझ्या हाताचे कौतुक करत होते!

"मग मी या फोटोंवर विश्वास कसा ठेवू?" साहेबांनी विचारले.

"नका ठेवू," पंत शांतपणे म्हणाले. "फोटोवर कुणीच भरोसा ठेवू नये. तुमच्याजवळ बॅटरी असंल तर चला. दगड हाय तिथंच हाय. कडेनं उजेड टाका आन् तुमच्या डोळ्यांनी बघा. मास्तर काठावर उभे राहतील, लांब."

साहेब गोंधळले, मग हसले आणि खरोखर उठले. त्याच दिवशी त्यांच्या जीपमधून आम्ही गेलो. साहेब बूट काढून, पुन्हा पसरलेल्या फांद्यांमधून वाट काढत पाण्यात उतरले, घोंगडे स्वतः धरले, बॅटरी दगडाला टेकवली. मी काठावर, हात मागे बांधून. खालून साहेबांचा आवाज आला. एकेक शब्द ते मोठ्याने वाचत होते. 'मना करू नये' वाचून ते थांबले आणि वर बघून रानाच्या मालकाला म्हणाले, "फांद्या काढा." त्याने स्वतःच्या हाताने काढल्या, आणि सांगायला हवे, की त्यानंतर त्याने पुन्हा कधी वाट अडवली नाही. संध्याकाळच्या आत मेंढ्या पाण्यावर आल्या. त्या कशा धावल्या हे मी सांगत बसत नाही. सरूबाई पायरीवर बसून रडत होत्या आणि कुणीही त्यांना उगी करत नव्हते.

परतताना मी चिडून विचारले, "शेवटी साहेबांनी बॅटरीनेच वाचले. मग आपण तेरा बल्ब आणि माझे दोन्ही पाय कशासाठी खर्ची घातले?"

"फोटो नसता तर साहेब उठले असते का?" पंत म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तुमी पेन्सिलीला शिवतच न्हाई असं तुमच्यासाठी खोटं बोलावं, असं एकदा मनात आलं होतं. पण तुमी पेन्सिल चालवली न्हाई हे शाबित करायला दगड होता. मी खोटं बोललो असतो तर मला खरं ठरवायला कोण होतं?" गंगाखेडचे लग्न अर्थातच दुसऱ्या फोटोग्राफरकडे गेले. पुढच्या वर्षी मला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस रोज सकाळी काशीबाईंच्या हातची पेज घेऊन पंत येत आणि उशाशी बसून खिडकीचा उजेड माझ्या डोळ्यांवर पडू नये म्हणून पडदा इकडून तिकडे सरकवीत. तो पडदाही त्यांच्या मनासारखा एकदाही लागला नाही.

आता या ग्रंथाविषयी. वाचकांना सुरुवातीच्या पानावर एक मोकळी चौकट दिसेल. तिथे सत्कारमूर्तींचे छायाचित्र असायला हवे होते. समितीने गेल्या महिन्यात एका चांगल्या तरुण फोटोग्राफरला त्यांच्याकडे पाठवले. तो दोन तास तिथे होता. पंतांनी त्याला दिवा कुठे धरावा ते सांगितले, मग धरून दाखवले, मग म्हणाले, "तुमी इथं बसा, म्हंजी सांगतो." फोटो उत्तम निघाला. तो त्या तरुणाचा आहे. पंत कॅमेऱ्यामागे आहेत. समितीने तीन पत्रे लिहिली, मी स्वतः दोनदा गेलो. पंत म्हणतात, बसू की, घाई काय हाय.

घाई नाही, हे मात्र खरे ठरो. धोंडोपंतांना आणि काशीबाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे धड राहोत, आणि त्यांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा त्यांना पाच मिनिटे खुर्चीत स्वस्थ बसण्याची बुद्धी होवो. फोटो मी काढीन. कसा निघेल ते निघो, त्यांनी बसावे.