मालननं बदललेला शेवट

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडून एका मुलीचा स्वच्छ, अजिबात न थरथरणारा आवाज आला, "सर, मी प्रज्ञा बोलतोय. मालन कांबळेची प्रज्ञा. आई गेली आज सकाळी. तुमचा नंबर तिच्या वहीत होता, म्हणून सांगालोय." मी काहीतरी विचारलं असावं... कशानं, कुठं, असलंच. काल ऑफिसात खुर्चीतच कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला, कोल्हापूरला आणलं, पण शुद्ध आलीच नाही, एवढं तिनं क्रमानं सांगितलं आणि "अजून फोन करायचे हायत, ठेवतो" म्हणून ठेवून दिला. मालन त्रेचाळीस वर्षांची होती आणि फोन करणारी मुलगी पंधरा. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी मी फोनजवळच बसून राहिलो आणि मला आधी दुःख झालं नाही, आधी एक जुनी लाज आठवली. तिच्याविषयी लिहायचं तर ती लाज टाळून लिहिता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. मी एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि उरलेल्या वेळात एक हौशी नाट्यसंस्था चालवत होतो. स्पर्धेसाठी मी एक नाटक लिहिलं होतं. त्याचं नाव इथं देत नाही, ते आता मलाच आवडत नाही. बायको वारलेला एक शास्त्रज्ञ आपलं तान्हं मूल सांभाळण्यासाठी प्रयोगशाळेत एक कृत्रिम स्त्री घडवतो, तिचं नाव आकृती ठेवतो. ती हळूहळू त्याच्यावर प्रेम करू लागते, मुलाची आई होते, आणि शेवटी आपल्यातल्या यंत्राचा मुलाच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर स्वतःच्या हातानं स्विच ओढून स्वतःला कायमचं बंद करते. पहिला अंक प्रेमाचा, दुसरा मातृत्वाचा, तिसरा कर्तव्याचा. ही मांडणी मला फार सुबक वाटत होती. हस्तलिखित टाइप करायला मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दिलं. तिथं शिकवायला हातकणंगल्याहून रोज येणारी सावळी, उंच, रुंद कपाळाची मुलगी होती, ती मालन. आठवड्यानं प्रती आणायला गेलो तर तिनं कागद पुढं ठेवले आणि म्हणाली, "सर, एक विचारू? ही बाई झोपत न्हाय का?"

"नाही. ती यंत्र आहे."

"मग रात्रभर मूल तिच्याकडंच. आणि शास्त्रज्ञ कुठं असतोय तवा?"

मी म्हटलं, तो संशोधन करत असतो. ती "हां" म्हणाली आणि कार्बन काढायला लागली. त्या 'हां'मध्ये काय होतं ते मला बरंच नंतर समजलं. त्या क्षणी मात्र तिचा आवाज ऐकून, आकृती सापडली, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या काळी आमच्या गावात नाटकात काम करायला मुली मिळणं अवघड होतं. ती आधी नको म्हणाली, चार दिवसांनी हो म्हणाली. एका टायपिस्टला, तेही बौद्ध वस्तीतल्या मुलीला, मुख्य भूमिका दिली याचं मला कौतुक वाटलं होतं... स्वतःचंच. हेही सांगून टाकलेलं बरं.

तालमी रोज संध्याकाळी पाच ते सात. सात वाजले की ती वाक्य अर्धं असलं तरी थांबायची आणि पर्स उचलायची, कारण पुढं बस मिळायची नाही. घरी गडबड असते एवढंच सांगायची. आमच्याकडच्या मुली मी जाते, मी येते म्हणत नाहीत, मी जातो, मी येतो म्हणतात. मालनही तशीच बोलायची. पण आकृतीची पुस्तकी वाक्यं तिनं अशी चढवली की 'आहे' आणि 'नाही' यांत एकदाही चूक झाली नाही. पहिल्या प्रवेशात आकृती अजून सुरू व्हायची असते, तेव्हा तिनं सहा-सात मिनिटं भिंतीला टेकून निश्चल उभं राहायचं होतं. एकदा ती अशी काही उभी राहिली की श्वाससुद्धा दिसेना. मी सगळ्यांना थांबवून म्हटलं, बघा, याला म्हणतात भूमिकेत शिरणं. मग तिचा प्रवेश आला, तरी ती हलेना. ती उभ्या उभ्या झोपली होती. सगळे हसले, तीही हसली. ती इतकी का दमलेली असते हे आम्हा सात जणांपैकी कुणी विचारलं नाही. दुपट्यात गुंडाळलेली बाहुली शास्त्रज्ञ झालेल्या विलासनं कशीही धरली की ती तालीम थांबवून म्हणायची, "मान धरा हो आधी. अशी लोंबकळली तर काय ऱ्हातंय?" ते तिला कुठून माहीत, हेही आम्ही विचारलं नाही.

विलासनं विचारलं असावं, कारण हळूहळू तो तिला बसपर्यंत सोडायला जाऊ लागला. तो बँकेत होता, सरळ, कमी बोलणारा माणूस, तिच्याच समाजातला. दोन्ही घरांची बोलणी झाली, लग्न ठरल्यासारखंच होतं. मालन त्या दिवसांत वेगळी दिसायची. ती पहिल्यांदाच जरीकाठी साडी नेसून तालमीला आली आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "उगंच नेसलोय. काय न्हाय." मधे एक अडचण होती, ती मला विलासनंच सांगितली. मालनची थोरली बहीण, जिला ती आक्का म्हणायची, बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात तापानं गेली होती. मुलीच्या बापानं दुसरं लग्न केलं आणि मुलगी मालनच्या आईच्या ओटीत टाकून तो गेला. आईला संधिवात. म्हणजे मूल मालनकडं. विलासच्या घरच्यांना सून हवी होती, मूल नको होतं. विलासचं म्हणणं, अनाथ मुलांच्या एखाद्या चांगल्या संस्थेत वर्ष-दोन वर्षं ठेवू, मग बघू. "सर, तुमचं ती ऐकंल. तुम्ही सांगा," तो म्हणाला.

आणि मी सांगितलं. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात उभं राहून मी तिला म्हटलं की त्यागातच कर्तव्य असतं, मुलीलाही संस्थेत शिक्षण मिळेल, तुझंही आयुष्य आहे. माझ्या तिसऱ्या अंकातलीच वाक्यं होती ती, थोडी इकडंतिकडं केलेली. तिनं ऐकून घेतलं. प्रयोगाला आठवडा राहिला असताना इन्स्टिट्यूटमध्ये गेलो तर तिनं टाइप केलेला एक कागद पुढं केला. "शुद्धलेखन बघता का सर?" तो त्या संस्थेला करायचा अर्ज होता. 'माझ्या मयत बहीणीची मुलगी, वय सात महिने, आपल्या संस्थेत दाखल करून घ्यावी, ही विनंती.' मी 'मयत' खोडून 'दिवंगत' लिहिलं. 'बहीणीची' मधली पहिली ई ऱ्हस्व केली. कागद परत दिला आणि बाकी ठीक आहे, असं म्हणालो.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. पहिले दोन अंक आमच्या कुवतीच्या मानानं फार चांगले झाले. तिसऱ्या अंकाच्या शेवटी टेपवर मुलाचं रडणं सुरू झालं. आकृतीनं मुलाकडं एकदा बघायचं, संथ चालत भिंतीवरच्या स्विचपाशी जायचं, शास्त्रज्ञानं म्हणायचं "आकृती, वेळ झाली", तिनं स्विच ओढायचा आणि अंधार. मालन स्विचपाशी गेली. तिनं हात लावला. विंगेत माझा हात दिवे घालवायच्या खुणेसाठी वर होता. ती तशीच उभी राहिली... मी मनात दहा मोजले, वीस मोजले. विलास म्हणाला, "आकृती, वेळ झाली." मग ती मागं वळली, पाळण्याशी आली, बाहुली उचलली, मानेखाली हात घालून उचलली, आणि रंगमंचाच्या मधोमध मांडी घालून बसली. "व्हय, झाली की," ती म्हणाली, "दुधाची वेळ झाली हिची."

माझ्या संहितेत मूल मुलगा होता. प्रेक्षकांत आधी हशा उसळला आणि मग अचानक बंद पडला, कारण ती पदराआड ती चिंध्यांची बाहुली घेऊन डुलत होती आणि पुढं काहीच होत नव्हतं. टेपवरचं रडणं संपलं. विलास तिच्याकडं बघत उभा होता, त्याला पुढचं वाक्य नव्हतं. शेवटी पडदा ओढणाऱ्यानं आपल्या मनानं पडदा ओढला. आम्हाला एकही बक्षीस मिळालं नाही. 'शेवट आकलनापलीकडचा' असा शेरा परीक्षकांनी दिल्याचं कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन शिकायला आलेल्या पोरींच्या देखत तिला नको ते बोललो. वर्षभराची मेहनत, लेखकाचा अपमान, शिस्त... पुष्कळ बोललो. ती उभी राहून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "चुकलं सर. तुमचं नाटक मोडलं, त्याला माफी मागतो. हात लावलता मी स्विचला. खरं, ती रडालती."

"टेप होती ती, मालन."

"टेप हाय ते काय मला ठावं न्हाय व्हय?" ती पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. मग खाली बसली आणि मशीनमध्ये कागद घालत म्हणाली, "त्यो अर्ज दिला न्हाय मी. इलासला सांगून टाकलंय."

विलासनं थोडे दिवस वाट पाहिली, मग त्याची बदली झाली, मग लग्न झालं. तो वाईट माणूस नव्हता. मी तिच्याशी सहा वर्षं बोललो नाही.

पुढं एकदा परीक्षेच्या कामासाठी हातकणंगल्याला गेलो होतो. परतताना स्टेशनवर ती दिसली. थोडी जाड झालेली, हातात डबा, बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी. टाइपरायटरचे दिवस सरले, म्हणून तिनं कॉम्प्युटर शिकून घेतला होता आणि एका सरकारी ऑफिसात ती ऑपरेटर होती. माझ्याकडं पाहून ती सरळ हसली, काही झालंच नसल्यासारखी, आणि मुलीला म्हणाली, "हे सर. ह्यांच्या नाटकात मी बनावट बाई होतो."

"म्हंजे चावीची?" मुलीनं विचारलं.

"व्हय, तसलीच."

"मग चावी कुणाकडं होती?"

"सरांकडं."

मुलीनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. तेवढ्यात गाडी आली.

त्यानंतर ती वर्षातून दोन-चारदा प्रज्ञाला घेऊन आमच्या घरी यायची. मुलीला गणित अवघड जात होतं, ते मी शिकवायचो. मालन तेवढ्या वेळात माझ्या बायकोशी बोलत बसायची. मी कधीतरी तिला एकदाचं विचारलं, त्या संध्याकाळी स्विचपाशी उभं असताना काय मनात आलं होतं? मला वाटलं, ती मायेचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "माया कुठली सर तवा? खरं सांगतो, पहिलं वरीसभर मला तिची माया आलीच न्हाय. बाटली उकळा, लंगोट धुवा, दवाखान्यात न्या. आक्काची हाय, टाकता येत न्हाय, एवढंच. इलासची आठवण आली की तिचा राग बी यायचा. एकदा तर पाठीत धपाटा घातला, एवढ्याशा जिवाच्या... मग एकदा कामावरनं आलो, तर माझा आवाज ऐकून गुडघ्यावर रांगत दारापतोर आली आणि साडी धरून उभी ऱ्हायली. पहिल्यांदाच उभी ऱ्हायली. तवा पर्स तिथंच टाकली आणि आपसूक तिला उचलून घेतली."

माझ्या नाटकात प्रेम आधी आणि कर्तव्य शेवटी होतं. तिच्या बाबतीत ते नेमकं उलट झालं. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "तुम्ही लिवलं तवा तुमच्या घरात ल्हान मूल नव्हतं की." माझ्या नाटकावर झालेली ती एकमेव नेमकी टीका. तिला पश्चात्ताप होतो का, हेही मी विचारलं होतं. "व्हतो की कधीकधी," ती म्हणाली. "दिवाळीला वगैरे." आणि उठून माझ्या बायकोला भांडी आवरू लागायला गेली.

मालनच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मी गेलो, वंदना झाली, माणसं पुष्कळ होती. विलासही आला होता. तो मागं उभा राहिला आणि जेवायला न थांबता गेला. कुणाशी काही बोलणं झालं नाही, म्हणून गेल्या आठवड्यात सकाळी पुन्हा हातकणंगल्याला गेलो. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, नीटनेटकं घर. मालनच्या आईनं मागच्या अंगणात जायला सांगितलं. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. प्रज्ञा शाळेच्या कपड्यात मधल्या पायरीवर पाठमोरी बसली होती, आरसा मांडीवर, केस मोकळे. वरची पायरी रिकामी होती, त्यावर कंगवा आणि दोन रिबिनी ठेवलेल्या. दुसरं बसायला काही दिसेना, म्हणून मी कंगवा बाजूला सारून तिथं टेकायला वाकलो. प्रज्ञाची बोटं केसांत थांबली. ती मागं वळली नाही. आतून म्हातारीनं हाक मारली, "सर, तिथं नगं. मालन बसायची तिथं येणी घालाय. खुर्ची देतो, थांबा."

मी खुर्ची घेतली नाही, भिंतीशी उभा राहिलो. प्रज्ञानं हात मागं नेऊन वरच्या पायरीवरचा कंगवा चाचपून उचलला, भांग पाडला, आरशात पाहिला. वाकडा पडला होता. तिनं केस पुन्हा एकत्र केले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.