रायफलीवरचा पुसलेला आकडा

कश्मिरा आगाशेच्या प्रयोगशाळेत आजवर रेल्वेची चाकं आली होती, चाकांचे तुकडे आले होते, एकदा एका देवळातली तडकलेली घंटाही आली होती. रायफल पहिल्यांदाच आली. ती कोबेहून ट्रेनने, मासेमारीच्या गळाच्या लांब पिशवीतून आली आणि ती खांद्याला लावून आणणारे शशिकांत रेगे पंचाहत्तरीचे होते.

कश्मिरा मूळची चिंचवडची. वडील फोर्जिंगच्या कारखान्यात फोरमन, त्यामुळे तापलेल्या लोखंडाचा वास तिला लहानपणापासून ओळखीचा. जपानला क्योतोत डॉक्टरेट केली आणि तिथेच पोस्टडॉक संशोधक म्हणून राहिली. पोलादात लपलेला ताण शोधणं, भेग डोळ्यांना दिसण्याआधी ती कुठे पडेल ते सांगणं, हे तिचं काम. कोबेच्या मराठी मंडळींच्या गणपतीत तिने हे सांगितलं तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आमटी वाढून घेतली. रेगेकाकांनी मात्र ताटावरचा हात थांबवला. पोलादावर ठोकलेला आकडा कुणी घासून टाकला तर तो परत वाचता येतो का, असं त्यांनी विचारलं. येतो, ती म्हणाली. आकडा ठोकताना खालचं पोलाद दाबलं जातं. वरचा थर गेला तरी ते दाबलेपण खाली राहतं.

काका चाळीस वर्षं कोबेत मोत्यांच्या धंद्यात होते. त्यांचा थोरला भाऊ श्रीहरी १९६२ साली तवांगच्या खालच्या डोंगरात चिनी गोळीबारात गेला. काका तेव्हा बारा वर्षांचे होते. तुकडीतून वाचलेला एक शिपाई पुढे साताऱ्याला घरी आला. तो म्हणाला, आम्हाला प्रत्येक गोळीनंतर खिट्टी ओढावी लागे आणि त्यांच्या रायफली एकामागून एक दहा गोळ्या सोडत. ती रायफल कशी असते हे तेव्हापासून काकांना पाहायचं होतं. नुसती तशी नको, त्या वेळची हवी, त्या डोंगरावर असू शकली असती अशी.

जपानमध्ये चालती लष्करी रायफल कुणाला घरात ठेवता येत नाही. पण नळी बुजवून, यंत्रणा वेल्ड करून कायमची निकामी केलेली, तसा दाखला असलेली विकत मिळते. ओसाकाच्या एका दुकानात काकांना चिनी ‘छप्पन’ प्रकारची, म्हणजे तीच दहा गोळ्यांची रायफल मिळाली. दुकानदाराने चिठ्ठीवर साल लिहिलं होतं, १९५७. काकांनी ती घेतली, पण भिंतीवर लावली नाही. श्रीहरीची बायको, साताऱ्याच्या जयंतीवहिनी, फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "खात्री असेल तर सांगा, भावजी. नसेल तर मला काही सांगू नका."

विद्यापीठात रायफल आणायची म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. हिरानो-सेन्सेई, म्हणजे कश्मिराचे प्राध्यापक, यांनी दाखला दोनदा वाचला, कार्यालयाला कळवलं आणि मग स्वतःच सगळ्यात पुढे येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे अख्खा मजला.

रायफल कुठली, याचा निकाल लगेच लागला. डाव्या अंगाला त्रिकोणात २६ हा आकडा होता, तो चीनमधल्या कारखान्याचा. वयाचं तसं नव्हतं. संगीन जपानी कायद्याने आधीच काढलेली, लाकडी दस्ता बदललेला असू शकतो, म्हणजे या दोन्हींवर भरवसा नाही. राहिला क्रमांक. संग्राहकांचा ठोकताळा असा: सात आकडी क्रमांकाचा पहिला आकडा घ्या, आठ आकडी असेल तर पहिले दोन, आणि त्यात १९५६ मिळवा. काकांच्या रायफलीवर १२४०६८३ असे सात आकडे होते. म्हणजे १९५७. पण त्या १ च्या आधी बोटाच्या नखाएवढी जागा कुणीतरी, बहुधा वेल्डिंगनंतर, घासून गुळगुळीत केली होती. तिथे आणखी एक आकडा असला तर साल १९६७ किंवा त्याच्याही पुढचं, आणि मग ही रायफल त्या डोंगरावर असणं शक्यच नाही.

कश्मिराने जागा पुसली, विद्युतचुंबकाचे दोन पाय वर आणि खाली टेकवले, लोहकणांचं पातळ द्रावण सोडलं. दाबलेल्या पोलादापाशी कण गोळा होतात. घासलेल्या जागेत एकही कण थांबला नाही. तिने तीनदा करून पाहिलं. कोरी जागा. हिरानो-सेन्सेईंनी टाळी वाजवली. काका खुर्चीत बसले, मग त्यांनी वहिनींना फोन लावला आणि खात्री झाली, एवढं सांगून ठेवून दिला.

ते बसने स्टेशनकडे निघाले. कश्मिराने फोटो मोठा करून पडद्यावर घेतला. दोनच्या बुडाशी कण होते. चारच्या आडव्या रेघेवर होते. पण सात आकड्यांतला पहिला, स्पष्ट ठोकलेला, डोळ्यांना दिसणारा १, त्याच्यावर एकही कण नव्हता.

तिची चूक तिला तिथेच कळली. चाकांच्या तुकड्यांवर भेगा नेहमी एकाच दिशेने जातात, म्हणून इथे चुंबकाचे पाय कायम वर-खालीच टेकवतात. तिचा हात आपोआप तसाच गेला होता. असा लावला की चुंबकाच्या ओढीला समांतर, म्हणजे उभी, रेघ उठत नाही. आणि या कारखान्याचा १ म्हणजे एक साधी उभी रेघ. दुसरा कुठलाही आकडा असता तर दिसला असता. फक्त १ दिसला नसता.

तिने फोन लावला तेव्हा काका प्लॅटफॉर्मवर होते. "काका, गाडीत बसू नका," ती म्हणाली.

"का, गाडी रद्द झाली की काय?"

"माझं चुकलंय. पिशवी घेऊन परत या."

ते टॅक्सीने आले. या वेळी चुंबकाचे पाय डावीकडे आणि उजवीकडे टेकले. द्रावण ओघळलं आणि त्या कोऱ्या जागेत कण सरकत सरकत एका ओळीत उभे राहिले. सरळ, बाजूच्या १ एवढीच उंच, तेवढीच जाड रेघ. हिरानो-सेन्सेई चष्मा काढून अगदी जवळ वाकले. पोलादाने इतकं चोख उत्तर कश्मिराला क्वचितच दिलं होतं. मग तिने काकांकडे पाहिलं.

"अकरा," काका म्हणाले. "सदुसष्ट साल."

"हो."

"श्रीहरीला जाऊन पाच वर्षं झाली होती तेव्हा." त्यांनी रायफलीवर हात ठेवला. दिवसभरात कामाशिवाय तिला हात लावताना कश्मिराने त्यांना पाहिलं नव्हतं. "म्हणजे हिचा काही संबंध नाही."

वहिनींना फोन लावणं भाग होतं. काकांनी सगळं सांगितलं, १९५७ नाही, १९६७. मग वहिनींनी त्या मुलीला फोन द्या म्हटलं.

"पहिल्यांदा कशी चुकलीस?"

"चाकांची सवय, आजी. चुंबक एकाच बाजूने लावला."

"आणि हे भावजींच्या लक्षात आलं असतं का?"

"नाही. कधीच नाही."

"मग आता तू म्हणशील ते मी धरून चालेन." त्यांचा आवाज एकदम कामाला लागल्यासारखा झाला. "भावजींना सांग, ती परत करा नाहीतर अडगळीत टाका. पण दुसरी बघायला एकटे जाऊ नका. दुकानदाराच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात, मोत्यांच्या धंद्यात राहून."

काकांना ऐकू जात होतं. ते तोवर प्रयोगशाळेच्या फोनवर ओसाकाच्या दुकानदाराशी जपानीत बोलत होते. आणखी एक आलीय, क्रमांक सात आकडी, आजूबाजूला काही घासलेलं नाही असं तो म्हणत होता. काकांनी फोन हाताने झाकला.

"शनिवारी मोकळी आहेस का, बाई?"

कश्मिरा हिरानो-सेन्सेईंकडे वळली आणि छोटा चुंबक दोन दिवस बाहेर न्यायचा आहे, असं म्हणाली. त्यांनी कशासाठी ते विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी लावा, एवढंच म्हणाले.