दुसऱ्या प्रोसेसरवर विजय

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९, बारामती.

मंडळी, आज आमचं दोन प्रोसेसरचं लिनक्स मशीन फार मंद चाललं होतं. कुठल्या प्रोसेसरवर कुणाचं काय चालू आहे ते दाखवणारा ‘टॉप’ लावून पाहिला. दुसरा प्रोसेसर विजयच्या मूळ संख्या शोधणाऱ्या प्रोग्रामने अडवला होता.

विजय माझा भागीदार. गेल्या महिन्यात अपघातात गेला.

त्याचे वडील, तात्या, शेळगावहून त्याचं सामान न्यायला आले होते. त्यांना पडद्यावरची विजयच्या नावाची ओळ दाखवली.

“म्हंजी अजून कामावरच हाय व्हय? मग उठवू नगंस. जेवायलाबी उठायचा न्हाय.”

गिऱ्हाइकाचं काम उद्या द्यायचंय. मी प्रोग्राम बंद केला नाही, रांगेत त्याचा नंबर सगळ्यांच्या मागे लावला. तुम्ही काय केलं असतं?

तात्या गेल्यावर शटर ओढलं आणि दोन्ही बाजूंची कुलपं, विजय लावायचा तेसुद्धा, मीच लावली.